सुमो सिम्युलेटर: आपल्या चौकावर वापरण्याआधी काय काय बदलावं लागतं

सिग्नलची सायकल १५० सेकंदांवरून १२० वर आणली तर रांग कमी होईल का? बससाठी एक लेन राखून ठेवली तर बाकीच्या वाहनांचं काय होईल, आणि धुराचं काय? असे प्रश्न थेट रस्त्यावर प्रयोग करून सोडवायचे म्हणजे हजारो लोकांना वेठीला धरायचं. त्यापेक्षा आधी संगणकावर करून बघितलेलं बरं. त्यासाठीच्या साधनांत एक्लिप्स सुमो हे वाहतुकीचं सिम्युलेटर आज सगळ्यांच्या आवाक्यातलं आहे. जर्मनीतल्या डीएलआर या अवकाश आणि हवाई संशोधन संस्थेने ते घडवलं, २००१ पासून ते मुक्त स्रोत आहे, २०१७ मध्ये ते एक्लिप्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलं आणि २०१८ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. परवाना ईपीएल २.०, म्हणजे एक्लिप्सचा मुक्त स्रोत परवाना. सल्लागार कंपनीने फी घेऊन केलेल्या कामातही ते बिनदिक्कत वापरता येतं.

आमचं मत आधीच सांगतो. साधन उत्तम आहे, पण जसं मिळतं तसंच वापरलं तर त्यातून निघालेला एकही आकडा महापालिकेच्या बैठकीत ठेवण्याच्या लायकीचा नसतो. सुमो रस्त्याबद्दलची सगळी माहिती वाचता येतील अशा सुट्या एक्सएमएल फाइलींत मांडतं. रस्ते, लेन, कुठल्या लेनमधून कुठल्या लेनमध्ये जाता येतं आणि सिग्नलचे टप्पे नेटवर्कच्या फाइलीत, वाहनांचे प्रकार वेगळे, कोण कुठून कुठे जातं ते आणखी वेगळं. झाकून ठेवलेलं काही नाही, आणि हेच त्याचं खरं बळ. मात्र जिथे तुम्ही काही लिहीत नाही तिथे ते स्वतःचं मूळ मूल्य घेतं. ही मूळ मूल्यं लेनची शिस्त असलेल्या युरोपातल्या रस्त्यांची आहेत. ती कुठे कुठे दडलेली असतात आणि त्यांच्या जागी काय घालावं, हाच या परीक्षणाचा मुख्य भाग.

इन्स्टॉल करायला फार त्रास नाही. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर आहे, पायथन असेल तर पिपनेही येतं. सुमो-होम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तेवढा नीट लावून घ्या. तो नसेल तर सोबतच्या पायथन स्क्रिप्टना आपलं लायब्ररी फोल्डर सापडत नाही आणि प्रत्येक फाइल तपासताना स्कीमा इंटरनेटवरून शोधण्यात वेळ जातो. पिपने बसवणाऱ्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने असते.

नकाशा आणणं

सुरुवात बहुतेक जण ओएसएम वेब विझार्डने करतात. ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो, चौकट आखायची, वाहनांचे प्रकार निवडायचे, बटण दाबायचं. ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते उतरतात, गाड्या पळायला लागतात. हा क्षण फसवा आहे. डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची खूण करायला विसरलात तर सगळं शहर उजवीकडून चालतं. ते निदान डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणाऱ्या चुका जास्त त्रास देतात.

पहिली चूक वेगाची. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्याकडच्या पुष्कळ रस्त्यांना वेगमर्यादा आणि लेनची संख्या लिहिलेली नसते. अशा वेळी नकाशाचं सुमोच्या नेटवर्कमध्ये रूपांतर करणारं नेटकन्व्हर्ट हे साधन रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज घेतं, आणि प्रत्येक प्रकाराची मूल्यं जिच्यात असतात त्या मूळ टाइपफाइलमध्ये प्रायमरी प्रकारच्या रस्त्याचा वेग सेकंदाला २७.७८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर आहे. शहरातल्या भर वस्तीतला रस्ता नकाशावर प्रायमरी म्हणून नोंदलेला असला की दोन सिग्नलच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात गाड्या सुसाट सुटतात. मग प्रवासाचा वेळ कमी दिसतो, धूर चुकतो, सिग्नलचा पिवळा दिवाही चुकतो, कारण त्याचा कालावधी वेगावरूनच काढला जातो. उपाय सोपा: टाइपफाइलची प्रत काढून प्रत्येक प्रकाराला आपल्या शहरातला वेग आणि लेन लिहा, आणि दर वेळी तीच प्रत वापरा.

दुसरी चूक चौकाची. दुभाजक असलेले दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे नकाशावर चार किंवा जास्त बिंदू असतात. नेटकन्व्हर्टला बिंदू जोडायला सांगितलं तरी मूळ अंतर १० मीटर आहे. आपले मोठे चौक त्याहून कितीतरी पसरलेले. मग एकाच चौकाचे तीन-चार चौक होतात, प्रत्येकाला स्वतंत्र सिग्नल मिळतो आणि गाड्या चौकाच्या ऐन मध्यात लाल दिव्याला थांबतात. नेटएडिट या सुमोच्या नेटवर्क संपादकात हे बिंदू निवडून एफ-७ने जोडा, एफ-५ने नेटवर्क पुन्हा गणून घ्या. अंतर सरसकट वाढवून जोडायचा मोह आवरा, त्याने शेजारची गल्लीही चौकात ओढली जाते. उड्डाणपुलाखाली आणखी एक गोष्ट बघायची असते. नकाशा काढणाऱ्याने पुलाचा आणि खालच्या रस्त्याचा बिंदू चुकून एकच ठेवला असेल तर सुमो तिथे खराखुरा चौक बांधतं. पुण्यात विद्यापीठ चौकासारख्या ठिकाणी गेल्या काही वर्षांत बांधकामच बदललं, तिथे नकाशा कुठल्या तारखेचा आहे हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता यांसारख्या एकेरी जोडीत एका तुकड्याची दिशा उलटी नोंदलेली असली तरी सगळ्या परिसराचे मार्ग बदलतात.

नेट फाइल हाताने मात्र कधीच दुरुस्त करायची नाही. तिच्यात चौकाच्या अग्रक्रमाची गणितं आधीच करून ठेवलेली असतात. एक ओळ बदलली की बाकीची खोटी पडतात.

सिग्नल

आयात केलेल्या सिग्नलला सुमो स्वतःहून ९० सेकंदांची सायकल देतं. प्रत्येक टप्पा हा अक्षरांची एक माळ असतो. चौकातल्या प्रत्येक जोडणीला एक अक्षर: मोठा जी म्हणजे अग्रक्रमाचा हिरवा, छोटा जी म्हणजे समोरच्याला वाट देऊन जायचा हिरवा, मग वाय म्हणजे पिवळा आणि आर म्हणजे लाल. नेटएडिटमध्ये एखादी वळणाची जोडणी काढली किंवा वाढवली की माळेची लांबी बदलते. जुना सिग्नल कार्यक्रम वेगळ्या फाइलीतून लादत असाल तर लांबी जुळत नाही म्हणून सिम्युलेशन थांबतं, आणि हे थांबणंच बरं. लांबी तीच राहून क्रम बदलला तर काहीच सूचना येत नाही आणि उजवीकडे वळणाऱ्यांना सरळ जाणाऱ्यांचा हिरवा मिळतो. चौक बदलल्यावर प्रत्येक टप्प्यात कोणाला हिरवा आहे हे पडद्यावर स्वतः बघणं याला पर्याय नाही. डावीकडचं वळण सतत मोकळं असेल तर त्या जोडणीला प्रत्येक टप्प्यात छोटा जी ठेवा, नाहीतर डावीकडे जाणारेही उगाच लाल दिव्याला उभे राहतात.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जी फारच कमी अहवालांत तपासलेली दिसते. सुमोतली गाडी पुढे जागा नसेल तर चौकात शिरतच नाही. जोडणीवर कीप-क्लिअर हा गुण मूळात चालू असतो. आपल्याकडे संध्याकाळी चौक तुंबतो तो बहुतेक वेळा याच्या उलट वागण्यामुळे: हिरवा आहे म्हणून शिरलेली बस मध्ये अडकते आणि आडवा रस्ता बंद पडतो. हे वागणं न घालता केलेला अभ्यास कोंडी कमीच दाखवणार. ज्या जोडण्यांवर हे घडतं तिथे कीप-क्लिअर फॉल्स करा, किंवा वाहनाच्या प्रकारात किती सेकंद वाट बघून गाडी नियम मोडते ते जेएम-इग्नोअर-कीप-क्लिअर-टाइममध्ये लिहा. सेकंद किती, हे चौकाच्या व्हिडिओवरून ठरवा.

वाहनं

मूळ कार ५ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, पुढच्या गाडीपासून २.५ मीटर अंतर राखणारी. मोटरसायकल २.२ मीटर लांब आणि तिलाही तेच २.५ मीटर अंतर. रांगेतली स्कूटर पुढच्या गाडीच्या मागे अडीच मीटर सोडून उभी राहते, हे आपल्या कुठल्या सिग्नलला दिसतं? दुचाकीसाठी लांबी १.८५, रुंदी ०.७ आणि अंतर ०.५ मीटरपासून सुरू करा आणि व्हिडिओशी ताडून बघा. रिक्षा साधारण २.६ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद. तिच्यासाठी टॅक्सीचा वर्ग घेऊन स्वतंत्र प्रकार लिहा. पुण्याच्या पीएमपी बससेवेतल्या ९ आणि १२ मीटरच्या बस वेगवेगळे प्रकार म्हणूनच हव्यात, थांब्यावर किती बस एकामागे एक बसतात ते त्यावर ठरतं.

माप बदलून भागत नाही, लेनची कल्पनाच सैल करावी लागते. त्यासाठी सुमोत सबलेन पद्धत आहे. लॅटरल-रेझोल्युशन हा पर्याय ०.८ मीटर ठेवला तर ३.२ मीटरच्या मूळ लेनचे चार उभे पट्टे होतात, ०.४ ठेवला तर आठ. वाहन कितीही पट्टे व्यापू शकतं, म्हणून दोन कारच्या मधून दुचाकी पुढे सरकते आणि थांबारेषेपाशी दुचाकींचा घोळका जमतो. चौकाच्या अभ्यासात हा घोळका खरा यायलाच हवा. हिरवा लागल्यावर पहिल्या काही सेकंदांत किती वाहनं निघतात ते त्याच्यावरच अवलंबून असतं. दुचाकीला लॅटअलाइनमेंट आर्बिट्ररी द्या, म्हणजे ती लेनमध्ये आडवी कुठेही राहू शकते, बाजूचं अंतर मूळ ०.६ मीटर आहे ते ०.२ ते ०.३ पर्यंत आणा, लेनचेंजमधला पुशी हा बाजूला रेटून घुसण्याचा गुण शून्यावरून थोडा वाढवा. पुशी एकदम १ केलं तर रिक्षा बसला ढकलतात असं चित्र तयार होतं. किंमत वेळेची असते. पट्टे दुप्पट केले की संगणकाचं काम बरंच वाढतं, आणि सुमोचं मुख्य गणन मुख्यतः एकाच कोरवर चालतं. जास्त कोरचा संगणक घेऊन एक रन वेगाने होत नाही. त्याचा उपयोग वेगवेगळ्या सीडचे, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या क्रमांकांचे, रन एकाच वेळी चालवायला होतो.

अंतर आणि प्रतिक्रियेचा वेळ कमी केला की एक नवी अडचण येते. टाऊ, म्हणजे पुढच्या वाहनामागे राखलेला वेळ, सिम्युलेशनच्या पायरीपेक्षा कमी असेल तर टकरी नोंदल्या जातात. मूळ पायरी १ सेकंदाची आहे. दुचाकीला टाऊ ०.७ द्यायचा असेल तर पायरी ०.५ किंवा त्याहून कमी करा.

इथे पीसीयूबद्दल, म्हणजे एक वाहन किती कारच्या बरोबरीचं धरायचं त्या आकड्याबद्दल, बोलायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या आयआरसी १०६ या १९९० च्या मार्गदर्शिकेत दुचाकीचं पीसीयू वाहतुकीतला तिचा वाटा ५ टक्के असेल तर ०.५, आणि १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५ आहे. रिक्षाचं १.२ आणि २.०, बस-ट्रकचं २.२ आणि ३.७. सुमोला हे लागत नाही, प्रत्येक वाहन तिथे आपल्या मापाने जागा व्यापतं. मोजणीचे तक्ते मात्र बहुधा पीसीयूत बेरीज करून मिळतात. ती बेरीज कारची संख्या म्हणून घातली की सबलेनची सगळी मेहनत वाया गेली. प्रकारवार मूळ मोजणीच मागा.

राखीव लेनचा नियम मोडणारेही सुमोत बसवता येतात. बीआरटीची, म्हणजे जलद बससेवेची राखीव, लेन फक्त बसला दिली तर सुमोत एकही दुचाकी तिच्यात शिरत नाही. कस्टम-१ हा मोकळा वर्ग घ्या, घुसखोरी करणाऱ्या दुचाकींचा जो वाटा मोजला असेल तेवढ्यांना तो द्या आणि लेनवर बस व कस्टम-१ दोघांना परवानगी लिहा. लेनचा क्रमांक कडेकडून मोजला जातो, शून्य म्हणजे पदपथालगतची. दुभाजकाला लागून असलेल्या बीआरटी लेनचा क्रमांक म्हणून सगळ्यांत मोठा. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि मध्येच रस्ता ओलांडणारे पादचारी यांच्यासाठी समाधानकारक सोय नाही, आणि हा सुमोचा खरा उणेपणा आहे. पादचारी क्रॉसिंगवरूनच जातात आणि सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर गाड्या त्यांच्यासाठी थांबतात. मंडईसारख्या भागाचा अभ्यास यावर करू नये.

मागणी आणि पडताळणी

विझार्ड जी वाहनं सोडतं ती तासाला आणि लेनच्या किलोमीटरला इतकी, अशी यादृच्छिक असतात. ती फक्त नेटवर्क चालतंय की नाही हे बघायला. खऱ्या मागणीसाठी दर १५ मिनिटांची वळणवार मोजणी घ्या आणि रूटसॅम्पलर या स्क्रिप्टला द्या. ते संभाव्य मार्गांतून मोजणीशी जुळेल असा संच निवडतं आणि जुळणी किती आहे तेही सांगतं.

मार्ग लिहिताना डिपार्ट-लेन बेस्ट आणि डिपार्ट-स्पीड मॅक्स लिहायला विसरू नका. मूळ मूल्यांनी प्रत्येक गाडी कडेच्या लेनमध्ये शून्य वेगाने जन्माला येते. तिला जागा मिळेपर्यंत मागच्या गाड्या नकाशाच्या बाहेरच थांबून राहतात. रस्ता मोकळा दिसतो आणि कोंडी नकाशाबाहेर असते.

पडताळणीला जीईएच हे माप वापरतात: मॉडेल आणि मोजणी यांच्या फरकाच्या वर्गाची दुप्पट, भागिले दोघांची बेरीज, आणि त्याचं वर्गमूळ. मोजणी ४००, मॉडेल ३२० असेल तर ४.२ येतं. मोजणी १२००, मॉडेल १००० असेल तर ६.०. पाचाच्या आत आलं तर चालतं, आणि निदान ८५ टक्के ठिकाणी ते तसं यावं असा संकेत आहे. हे माप ताशी आकड्यांसाठी आहे. १५ मिनिटांचे आकडे तसेच घातले तर जीईएच निम्म्यावर येतं आणि वाईट मॉडेलही पास होतं. शिवाय एवढ्यावर थांबू नका. रांगेची लांबी आणि प्रवासाचा वेळही जुळायला हवा, कारण वाहनांची संख्या जुळूनही रांग पूर्ण चुकीची असू शकते.

निकाल वाचताना सगळ्यांत आधी लॉग बघा. ३०० सेकंद अडकलेली गाडी सुमो उचलून पुढच्या मोकळ्या जागी ठेवतं, याला टेलिपोर्ट म्हणतात. जितकी कोंडी जास्त तितके टेलिपोर्ट जास्त, आणि तितकी कोंडी आपोआप सुटत जाते. सरासरी विलंब कमी झाला म्हणून आनंद मानण्याआधी दोन्ही पर्यायांत किती टेलिपोर्ट झाले ते मोजा. टाइम-टू-टेलिपोर्ट उणे १ केलं तर ते बंद होतं. मग खरी कोंडी दिसते, आणि नेटवर्कमधली चुकीची जोडणीही लगेच उघडी पडते. प्रत्येक गाडीच्या प्रवासाची नोंद असलेल्या ट्रिपइन्फो फाइलीत पोहोचलेल्याच गाड्या येतात. अपूर्ण प्रवास लिहायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. तो बंद असताना सर्वांत वाईट अडकलेले लोकच सरासरीतून गळतात. वेटिंग-टाइममध्ये फक्त सेकंदाला ०.१ मीटरपेक्षा कमी वेगाचा काळ धरला जातो. रांगणाऱ्या वाहतुकीसाठी टाइम-लॉस, म्हणजे हव्या वेगाने न जाता आल्याने गेलेला वेळ, बघा, सोबत डिपार्ट-डिले, म्हणजे नकाशाबाहेर थांबण्यात गेलेला वेळही. आणि सीड न बदलता केलेला रन पुन्हा केला तर तोच निकाल येतो, म्हणून निदान दहा सीड चालवून फरक सीडच्या चढउतारापेक्षा मोठा आहे का ते तपासा.

धूर आणि वीज

उत्सर्जनासाठी सुमो एचबीईएफए हे युरोपीय कोष्टक वापरतं. वेग आणि प्रवेग यांवरून कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, कण आणि इंधन निघतं, सगळं मिलिग्रॅममध्ये. इंधन पूर्वी मिलिलिटरमध्ये येत असे, जुन्या स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. प्रत्येक वाहन प्रकाराला उत्सर्जन वर्ग स्वतः लिहा, कारण मूळ वर्ग आवृत्तीगणिक बदलू शकतात. आपल्या सीएनजी रिक्षा आणि दुचाकींच्या ताफ्याशी हे कोष्टक नेमकं जुळत नाही, आणि रस्त्यावरची उडती धूळ त्यात धरलेलीच नाही. म्हणून या चौकात रोज इतके किलो कण, असं विधान यावरून करू नये. दोन सिग्नल योजनांत कोणती कमी धूर करते, ही तुलना मात्र विश्वासाने करता येते, कारण थांबण्या-निघण्याचा परिणाम दोन्हीकडे सारख्याच पद्धतीने मोजला जातो.

इलेक्ट्रिक बसचं मॉडेल जास्त समाधान देतं. बसचं वस्तुमान, समोरचं क्षेत्रफळ, हवेचा आणि घर्षणाचा विरोध, ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जा, सगळं घालता येतं. सतत लागणाऱ्या विजेचं मूळ मूल्य १०० वॉट आहे. एसी बसला ते अगदीच तोकडं, मे महिन्यातला एसीचा भार तिथे लिहा. ओपनस्ट्रीटमॅपवरून येणारं नेटवर्क सपाट असतं, त्यामुळे कात्रजचा घाटही सपाट होतो. उंचीचा जिओटिफ नकाशा नेटकन्व्हर्टला दिला की चढ येतो, पण ३० मीटरच्या चौकटीच्या नकाशात पूल आणि बोगदे जमिनीच्याच उंचीने जातात. तिथल्या बिंदूंची उंची हाताने लिहावी लागते, नाहीतर चार्जिंगचा हिशोब भलताच येतो.

विसिमसारख्या पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन न पाळणारी वाहतूक बसवायला कमी कष्ट पडतात आणि त्रिमितीय चित्रफीत देखणी निघते. सादरीकरणच हवं असेल तर ते घ्यावं. पण विद्यार्थ्याला, छोट्या नगरपालिकेला किंवा स्वतःची सिग्नल-पद्धत पायथनमधून चालवून बघणाऱ्याला सुमोच घ्यावं असं आम्ही सांगू. ट्रासी या जोडणीतून दर सेकंदाला रांग वाचून सिग्नल बदलता येतो. तेच काम लिबसुमो या लायब्ररीने केलं तर सॉकेटचा फेरा वाचतो आणि रन बराच लवकर संपतो.

महापालिकेने सुमोवरचा अभ्यास विकत घेताना चित्रफितीवर समाधान मानू नये. कंत्राटातच लिहून घ्यावं: नेटवर्क, मार्ग, वाहन प्रकार आणि सिग्नल यांच्या मूळ फाइली, वापरलेली टाइपफाइल, सुमोचा आवृत्ती क्रमांक, सीडची यादी, टेलिपोर्टच्या नोंदीसह पूर्ण लॉग, आणि वळणवार मोजणी जिच्यावरून काढली तो व्हिडिओ. हे सगळं हाती असेल तर पुढच्या वर्षी चौक बदलल्यावर दुसऱ्या कोणालाही तेच मॉडेल पुढे नेता येतं.